पिक्चरवरून मोडलेली भाऊबीज

नमस्कार मावशी,

मी बेचाळीस वर्षांची, डोंबिवलीत राहते. आम्ही मूळचे चिपळूणचे. मला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे भाऊबीज म्हणजे चुलतभाऊ, आमचा दादा. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, चिंचवडला असतो. पिक्चरचं वेड त्यानेच लावलं. १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ त्याच्याबरोबर पाहिला आणि नंतर आठवडाभर माझी बाहुली पोत्यात बांधून माळ्यावर ठेवायला लावली. तेव्हापासून ज्या पिक्चरचा पुढचा भाग आला, तो आम्ही दोघांनी पाहिलाच. लग्नं झाल्यावर आपापल्या गावात पाहायचो आणि रात्री फोनवर तासभर वाद घालायचो.

‘नवरा माझा नवसाचा’ २००४ मध्ये आम्ही घरचे अकरा जण एका रांगेत बसून पाहिला होता. काका, म्हणजे दादाचे वडील, एसटीत कंडक्टर. पिक्चरभर ते अशोक सराफांच्या कंडक्टरच्या चुका मोठ्याने काढत होते आणि पुढच्या रांगेतले लोक पिक्चरपेक्षा काकांना जास्त हसत होते. काका २०११ मध्ये गेले.

दुसरा भाग आला २० सप्टेंबर २०२४ ला, गणपती विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी सिनेमा दिन होता, तिकीट ९९ रुपये. मी पहिल्याच दिवशी गेले. घरच्या ग्रुपवर लिहिलं, “खूप मजा आली, मी तर रडले, सगळ्यांनी पाहाच.” रात्री दादाचा लांबलचक मेसेज आला. एसटी काढून रेल्वे का आणली, रेल्वे गणपतीपुळ्याला जाते का, बसमध्ये माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात म्हणून विनोद होतो, रेल्वेत सगळे पसरून बसतात, कंडक्टर गाडीत असतो आणि टीसी येऊन जातो, असं बरंच काही. शेवटी लिहिलं होतं, “ज्यांना हा आवडला त्यांना पहिला कळलाच नव्हता.” मला लागलं. मी लिहिलं, “तू २००४ मध्येच बसून राहिलास, गाडी केव्हाच पुढे गेली.”

दादा ग्रुपमधून बाहेर पडला. त्या वर्षी कामाचं निमित्त सांगून भाऊबिजेलाही आला नाही. आता दुसरी भाऊबीज आली. वहिनी म्हणते तुम्ही दोघंही वेडे. भाचा सतरा वर्षांचा आहे, तो म्हणतो, “आत्या, तुम्ही लोक फ्रँचायझी नीट फॉलोच करत नाही,” आणि मला कुठल्या पिक्चरने किती कोटी केले त्याचे आकडे पाठवतो.

मी माफी मागू का? माझं मत तर चुकीचं नव्हतं. की यापुढे मत सांगायचंच नाही? ग्रुपला काही नियम लावावेत का?

– रांगेतली अकरावी

*

प्रिय अकरावी,

सही पाहून आधी वाटलं, कुणीतरी कॉलेजच्या प्रवेशाबद्दल विचारतंय. मग पत्र वाचलं. तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा मी तुझ्या बाजूने होते आणि तिसऱ्यांदा दादाच्या बाजूला गेले.

माफी माग. तुझ्या मताची नाही, त्या गाडीच्या वाक्याची. कंडक्टरच्या मुलाला ‘गाडी पुढे गेली, तू मागे राहिलास’ असं तू चारचौघांत सुनावलंस. तुझ्या मनात तसं नव्हतं हे मला मान्य आहे. घाईत हाताला लागेल तो दगड आपण उचलतो, तसं ते झालं. पण दगड जिथे बसायचा तिथे बसला.

आता दादाचा मेसेज. तू त्याची शेवटची ओळ घेऊन वर्षभर कुढत बसलीस. ती ओळ उद्धट आहे, यात वाद नाही. ‘तुला कळलंच नव्हतं’ हे वाक्य सिनेमाबद्दल नसतं, समोरच्या माणसाबद्दल असतं. एकाच पडद्यासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याची परीक्षा घ्यायला सुरुवात केली की गप्पा संपतात. त्याची त्याला माफी मागावी लागेल आणि ती तू मागून घे, सोडू नकोस. पण त्या ओळीच्या वर काय होतं, ते पुन्हा वाच. मी वाचलं आणि मला वाटलं, या माणसाशी तासभर चहा पीत बोलावं.

बसमध्ये माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात म्हणून विनोद होतो. किती खरं आहे! लाल गाडी म्हणजे एक लांबट खोली, जिच्यातून मुक्कामापर्यंत कुणाला पळता येत नाही. ज्याच्याशी भांडलो तो पुढच्याच सीटवर. वळण आलं की रुसलेली बायको आपोआप नवऱ्याच्या खांद्यावर. आणि या सगळ्यांच्या मधून रोज वाट काढणारा एकच माणूस, कंडक्टर. प्रत्येकाशी त्याचा संबंध येतो, प्रत्येकाच्या सुट्ट्या पैशांवरून त्याचं डोकं फिरतं, आणि डबल बेल त्याच्या हातात असते. म्हणून पहिल्या भागात अशोक सराफ दोरीच्या टोकाला नाहीत, मधोमध आहेत. सगळी माणसं त्यांच्याभोवती ओवलेली. टीसीचं तसं नसतं. तो डब्यात येतो, तिकीट पाहतो, पुढच्या डब्यात जातो. दादाने हे दोन ओळींत सांगितलं. वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांत मला इतकं नेमकं क्वचित वाचायला मिळतं. आणि हो, रेल्वे गणपतीपुळ्याला जात नाही. रत्नागिरीला उतरून पुढे रस्त्यानेच जावं लागतं. हा मुद्दा मात्र मी सोडून देईन. सिनेमात नकाशा तपासणारा माणूस शेजारी असला की मला जागा बदलावीशी वाटते.

तू काय लिहिलं होतंस? “खूप मजा आली, मी तर रडले, पाहाच.” बाळे, हे मत नाही, ही पावती झाली. पैसे पोचले, धन्यवाद.

माझे वडील गाण्याच्या बैठकींना न्यायचे. तिथे एक गोष्ट लहानपणीच अंगात मुरली. बैठक संपल्यावर ‘छान झालं’ म्हणणाऱ्याला कुणी विचारत नसे. खरा ऐकणारा जागेला दाद देतो. गवयाने एखादी जागा घेतली की त्याच क्षणी मान हलते, हात वर जातो, तोंडून ‘वा’ निघतो. त्यावरून शेजारच्याला कळतं, याने काय ऐकलं. आवडलं की नाही हा पुढचा प्रश्न. सिनेमाचंही मला तसंच वाटतं. ‘मस्त’, ‘बकवास’, ‘पैसा वसूल’, ‘सेकंड हाफ ढेपाळतो’ हे सगळे नुसते शिक्के. जागा सांग. कुठल्या प्रसंगाला हसलीस, कुठे घड्याळ पाहिलंस, कुठे डोळे भरले. जागा सांगितली की वाद घालायला काहीतरी हातात येतं. शिक्का मारला की समोरच्याकडे दोनच रस्ते उरतात, उलटा शिक्का मारायचा किंवा गप्प बसायचं. दादाने जागा सांगितली आणि मग शिक्काही मारला. तू जागाच सांगितली नाहीस. हिशेब असा आहे.

आता काकांबद्दल. पत्रात तू त्यांना एका परिच्छेदात आणलंस आणि सोडून दिलंस. वाचणाऱ्या कुणालाही वाटेल की दादाला एसटी गेल्याचं दुःख नाही, बाप गेल्याचं आहे. मलाही वाटलं. असेलही तसं. पण हे त्याला सांगायला जाऊ नकोस. कृपा करून नाही. ‘दादा, तुला खरं तर काकांची आठवण येत होती ना’ असं तू म्हणालीस, की त्याच्या मेहनतीने मांडलेल्या मुद्द्यांची तू दुखण्याची लक्षणं करून टाकलीस. एखाद्याचं मत पटलं नाही की हल्ली त्याच्या मनात शिरून कारण शोधायची फॅशन आली आहे. तुला पिक्चर आवडला कारण तू भाबडी, त्याला नाही आवडला कारण तो दुखावलेला. मग पिक्चर कुठे राहिला? त्याचा बाप कंडक्टर नसता, तरी बस आणि रेल्वेचा मुद्दा बिनतोड होता. तो मुद्दा म्हणूनच घे. काकांचा विषय त्याने काढला, तर काढू दे.

माझी एक फजिती सांगते. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ आला, थ्रीडीमध्ये. माझ्या चष्म्यावर तो दुसरा चष्मा चढवून बसले होते. नाकावर दोघांचं ओझं आणि मनात लक्ष्या. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे पडद्यावर ते नसणार हे मला ठाऊक होतं. गोष्टीत लक्ष्याचा मुलगा दाखवला होता, आदिनाथ कोठारे. तरीही दोन तास मी दाराकडे बघावं तशी पडद्याकडे बघत होते, आत्ता येईल. तात्या विंचू होता, रामदास पाध्यांच्या हातचा तो बाहुला तसाच थरकाप उडवत होता, प्रभावळकरांचा आवाजही होता. माझं समाधान झालं नाही. बाहेर पडताना बरोबरच्या सात वर्षांच्या नातवाला मी म्हटलं, “हा काही खरा नव्हे, खरा तू पाहिलाच नाहीस.” पोरगं गप्प झालं. मला वाटलं, झोप आली असेल.

परवा तोच नातू, आता मिसरूड फुटलेला, मित्राला सांगत होता की थिएटरात पाहिलेला त्याचा पहिला पिक्चर तो. अंगावर धावून आलेला बाहुला, अंधार, आजीचा घट्ट धरलेला हात. “आणि बाहेर आल्यावर आजी म्हणाली हा खोटा आहे,” असं सांगून तो हसला. मी स्वयंपाकघरात होते, तिथेच थांबले. माझा दुसरा भाग तो त्याचा पहिला होता. मी त्याच्या पहिल्या पिक्चरवर पाय दिला होता आणि मला बारा वर्षं पत्ता नव्हता.

लांबत गेलेल्या मालिकांची हीच गंमत आहे. प्रत्येक भागाला कुणीतरी पहिल्यांदा शिरतं. बॉन्डपटांचं बघ ना. १९६२ पासून २०२१ पर्यंत मूळ मालिकेचे २५ पिक्चर आणि सहा नट. माझ्या यजमानांच्या मते शॉन कॉनरी गेला तिथे विषय संपला. माझ्या भावजयीचा रॉजर मूर, कारण ‘ऑक्टोपसी’चं चित्रीकरण उदयपूरला झालं होतं आणि त्यात आपला कबीर बेदी होता. मुलांचा डॅनियल क्रेग. तिघांनाही आपलाच खरा वाटतो आणि तिघांच्याही वयाचा हिशेब केलास तर उत्तर लगेच सापडतं. जॉर्ज लॅझेनबी बिचारा एकदाच बॉन्ड झाला, १९६९ मध्ये. लोकांनी नाकं मुरडली. आज त्याच पिक्चरला मालिकेतल्या उत्तमांत बसवणारे जाणकार कमी नाहीत. तेव्हा दादाला आज न आवडलेला भाग उद्या आवडू शकतो, तसाच तुला आवडलेला भाग पाच वर्षांनी टीव्हीवर लागल्यावर तू चॅनेल बदलशील. मत ही काही सातबाऱ्यावरची नोंद नव्हे.

भाच्याचं थोडक्यात. कुठल्या पिक्चरने किती कोटी केले, हे निर्मात्याच्या घरचं गणित आहे. त्यात आपला वाटा नाही, उलट आपलेच पैसे गेलेले आहेत. आकडे आले की त्याला एवढंच विचार, “तुला कुठली जागा आवडली?” उत्तर देईल. ही मुलं दिसतात त्यापेक्षा बारकाईने पाहतात. मार्व्हलवाल्यांनी २००८ पासून धागे विणत नेले आणि २०१९ चा ‘एन्डगेम’ हा त्यांचा बाविसावा पिक्चर. आधीचे एकवीस डोक्यात ठेवून तो पाहणारी पोरं आहेत ही. त्यांना आधीच्या भागाशी जुळणी नसली की खड्यासारखं टोचतं. चूक नाही. पण सगळ्याच मालिका तशा नसतात, आणि इथे मला तुला जपानची एक गोष्ट सांगायची आहे. गेले दोन दिवस तुझ्या पत्राबरोबर तीच डोक्यात फिरते आहे.

तिकडे तोरा-सान नावाचा एक फिरस्ता विक्रेता होता, पडद्यावरचा. १९६९ ते १९९५ या काळात त्याचे ४८ पिक्चर आले. नट एकच, कियोशी आत्सुमी. दोन सोडले तर सगळ्यांचा दिग्दर्शकही एकच, योजी यामादा. बरीच वर्षं वर्षाला दोन यायचे, एक उन्हाळ्यात आणि एक नववर्षाच्या तोंडावर, आणि घरंच्या घरं देवदर्शनाला जावं तशी तो बघायला जायची. गोष्ट? दर वेळी तीच. तोरा-सान गावोगाव भटकून तोक्योतल्या शिबामाता या आपल्या मोहल्ल्यात परततो. तिथे त्याच्या काका-काकूंचं मिठाईचं दुकान आहे आणि सावत्र बहीण आहे, साकुरा. दोन दिवस आनंदात जातात. मग कुणीतरी काहीतरी बोलतं, हा चिडतो, भांडण होतं आणि पेटी उचलून चालू लागतो. साकुरा त्याच्या मागे स्टेशनपर्यंत जाते. मधे कुठेतरी तो प्रेमात पडतो, ते जमत नाही. संपला पिक्चर. ४८ वेळा!

आपल्याकडचा कुणी म्हणेल, काय रटाळ. मला तसं वाटत नाही. तिथले लोक हा भाग आधीच्यापेक्षा सरस की कमी, एवढंच बघायला जात नसणार. भाऊ चिडून गेला तरी पुढच्या वर्षी येतो का, हे बघायला जात असणार. आत्सुमी १९९६ मध्ये वारले. २०१९ मध्ये, पहिल्या पिक्चरला पन्नास वर्षं झाली तेव्हा, यामादांनी जुन्या चित्रफिती वापरून आणखी एक काढला. साकुराचं काम करणारी चिएको बाइशो त्यात होती, म्हातारी झालेली. शिबामाता स्टेशनाबाहेर तोरा-सानचा पुतळा आहे, निघालेला, मान वळवून मागे बघणारा. बरीच वर्षं तो एकटाच होता. तो कुणाकडे बघतोय हे ज्यांनी पिक्चर पाहिलेत त्यांनाच कळायचं. २०१७ मध्ये त्याच्यासमोर साकुराचा पुतळा बसवला.

तुमच्या दादाने ग्रुप सोडला म्हणजे पेटी उचलली, एवढंच. स्टेशनपर्यंत कुणी गेलं नाही.

ग्रुपच्या नियमांबद्दल विचारलंस. नियमांची वही काढू नकोस, घरच्या ग्रुपची सोसायटी होते. एकच ठरवा, रविवार रात्रीपर्यंत कुणी गोष्ट फोडायची नाही. सोमवारपासून मोकळीक. आणि लांब वाद फोनवर. तुमची जुनी रीत चांगली होती. फोनवर माणूस ‘तुला कळलंच नव्हतं’ म्हणाला तरी त्याच्या आवाजात हसू आहे की राग, हे कळतं. ग्रुपवर दहा जण वाचत असतात आणि दहा जणांसमोर कुणीच माघार घेत नाही, पुरुष तर नाहीच नाही. ‘मत सांगायचंच नाही का’ हा तुझा प्रश्न मी रागातला समजून सोडून देते.

दादाला मेसेज करू नकोस. भाऊबिजेच्या आधी एखाद्या संध्याकाळी फोन कर. वहिनीला मधे घालू नकोस, तिने तुम्हाला वेडे म्हणून आपलं मत आधीच दिलं आहे. गाडीच्या वाक्याची माफी सुरुवातीलाच, एका दमात, ‘पण तू सुद्धा’ न जोडता. मग सांग की तुझा मेसेज पुन्हा वाचला आणि बस-रेल्वेचा मुद्दा मला पटला. पटला असेल तरच सांग. नसेल पटला तर तिथेच वाद घाल, त्यालाही बरं वाटेल. त्याने शेवटच्या ओळीबद्दल काही म्हटलं नाही, तर तू विचार, “मला पहिला कळला नव्हता म्हणतोस, तर मग सांग की काय कळायला हवं होतं.” बोलेल तो. अकरा जणांच्या रांगेतला माणूस आहे.

मीही तो दुसरा भाग पाहिला. पहिल्याच्या तोडीचा मला वाटला नाही. पण सत्त्याहत्तर वर्षांचे अशोक सराफ टीसी होऊन समोर आले तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी इतकी खणखणीत शिट्टी मारली, की त्यांच्या मुलीने त्यांना गप्प केलं आणि त्यांनी पुन्हा मारली. माझी जागा ती.

तुझी कुठली? ‘मी तर रडले’ एवढंच लिहिलंस, ग्रुपवरही आणि मलाही. कुठे रडलीस ते फोनवर त्याला सांग. मला नंतर कळवलंस तरी चालेल.

– मावशी